छतावरची देवदाराची फांदी

प्रिय नोटबुर्गा,

आधीच सांगते, आलोइस धडधाकट आहे.

काल आमच्या छतावर घर तापवणारा हीट पंप बसवला. छतावर नवं काही चढलं की शुभ म्हणून देवदाराची फांदी लावायचीच, म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माझा नवरा दोर न बांधता छतावरच्या बर्फावर चढला.

मिस्त्री ओरडला, "आजोबा, खाली उतरा!"

"तुझ्या जन्माआधीपासून छतं चढतोय!" म्हणाला आणि घसरला. कडेच्या बर्फ अडवणाऱ्या लोखंडी पट्टीला बूट अडकला म्हणून वाचला. वरून मलाच विचारतो, "फांदी सरळ आहे ना गं?" शाळेत सिस्टरांनी कधीच न शिकवलेले शब्द मी त्याला ऐकवले.

तुमचा पंप पुढच्या आठवड्यात ना? तुझ्या सेपची शिडी आजच कुलपात घाल.

घर छान उबदार आहे. अक्षर वाकडं आलंय, ते थंडीमुळे नव्हे.

तुझीच,
वालबुर्गा