चिपचा दोष

३ मार्च, सोमवार

पुन्हा लटकलं! जुन्या प्रोसेसरवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं हे कर्नेल — सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा — नव्या चिपवर नेलं की जेमतेम उभं राहतं, चार कामं करतं आणि गप्प. बरं, रोज एकाच जागी मरेल तर शपथ! कधी चालू केल्या केल्या, तर कधी आपण जेवून येईपर्यंत तुरुतुरु चालतं. आता जमलं म्हणावं, की टाकलेच हातपाय.

चिप वन्संची. म्हणजे चिपची सगळी टीम माझ्या नणंदेच्या हाताखाली. घरी वन्सं, ऑफिसात ताई. मला इथे त्यांनीच आणलं. पुढच्या बुधवारी कारखान्याला मोठी ऑर्डर जायची आहे. ती गेली की चिपमध्ये काही बदलता येणार नाही. तोवर कर्नेल चाललंच पाहिजे.

४ मार्च, मंगळवार

मीटिंगमध्ये नुसतं म्हटलं, एकदा चिपही तपासून बघूया का. साहेब म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे फिदीफिदी हसले. वन्सं हसल्या नाहीत. बघायला काय हरकत आहे, म्हणाल्या. त्या अशा वागतात, मग मी रागवायचं कोणावर?

६ मार्च, गुरुवार

सापडलं!!

चिपमध्ये दोन कोअर, म्हणजे कामं करणारे दोन मेंदू. एक माहितीचा डबा भरतो आणि झेंडी वर करतो. दुसरा झेंडी पाहून डबा उघडतो. आमच्याकडे झेंडी वर — आणि डब्यात मागचंच शिळं! ही चिप घाईची आहे, कामं मनाला येईल तशी मागेपुढे करते, हे मला का ठाऊक नाही? म्हणून तर भरणाऱ्याला सक्त ताकीद लिहिली आहे: आधी डबा, मगच झेंडी. तरी शिळं येतं. म्हणजे चिप ताकीद ऐकत नाही.

कर्नेलच्या पसाऱ्यात काहीतरी असेल, असं कोणी म्हणायला नको. म्हणून भरण्या-उघडण्याचा तेवढाच भाग कर्नेलमधून जसाच्या तसा उचलला आणि वेगळा छोटा प्रोग्राम केला. चिपवर सोडला. तोच शिळा डबा! जुन्या प्रोसेसरवर एकदाही नाही. आता हसा म्हणावं!

पाच मिनिटं आनंद टिकला. मग आठवलं, चिप वन्संची. वन्संना सांगायचं कोणत्या तोंडाने?

७ मार्च, शुक्रवार

नवऱ्याला सांगितलं. भाजी चिरता चिरता थांबला. ताईने त्या चिपपायी स्वतःकडे बघितलेलं नाही गं, म्हणाला. मग विचारलं, "खात्री आहे ना तुझी?" आहे म्हटलं. तर म्हणे आधी तिला एकटीला सांग, मग चारचौघांत. सासूबाई आतून — ऑफिस ऑफिसातच ठेवा. कसलं डोंबल ठेवा! लेक आणि सून एकाच ऑफिसात, ठेवायचं कुठे?

८ मार्च, शनिवार

वन्सं घरी आल्या होत्या. बोलले नाही. धीर झाला नाही.

१० मार्च, सोमवार

सांगितलं. लॅबमध्ये, दार लावून. त्यांनी प्रोग्राम स्वतः चालवला. मग दुपारभर चिपचे नकाशे काढून बसल्या. संध्याकाळी माझ्या टेबलाशी आल्या, चेहरा एवढासा झालेला. त्यांना काही सापडलं नव्हतं.

"तुझा प्रोग्राम पक्का आहे?"

"पक्का आहे, ताई."

"मग चिपच."

एवढंच. वाद नाही, त्रागा नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

१२ मार्च, बुधवार

मीटिंगमध्ये मी तोंड उघडायच्या आत वन्सं उभ्या राहिल्या. "दोष चिपमध्ये आहे. डिझाइनवर शेवटची सही माझी होती." माझं नाव कुठे घेतलं नाही. ऑर्डर थांबली. साहेब काळेठिक्कर पडले. मग वन्संना एकट्यांना आत बोलावलं — बराच वेळ.

बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडे. राजीनामा मागितला होता, शुक्रवारी सकाळी द्यायचा. मला रडू आवरेना, तर मलाच समजावत बसल्या! तू बोललीस म्हणून वाचलो, म्हणाल्या, नाहीतर हजारो चिपा कचऱ्यात गेल्या असत्या. घरी कोणाला घास उतरला नाही. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नवरा बोलतो, पण मोजकं.

१३ मार्च, गुरुवार

नवी चिप येईपर्यंत तात्पुरती मलमपट्टी म्हणून उघडणाऱ्यालाही एक ताकीद घालून पाहिली: आधी झेंडी बघ, मगच डबा. दिवसभर कर्नेल लटकलं नाही. साहेब खूश — "चिपचं पाप झाकलंस, शाबास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चिपने पाप केलेलंच नाही. उघडणारा झेंडीच्या आधीच डब्यात डोकावत होता. घाई ही या चिपची रीतच; ताकीद लिहून त्याला थांबवायचं काम माझं. जुना प्रोसेसर ते मुकाट्याने सांभाळून घ्यायचा. आणि माझ्या पक्क्या प्रोग्राममध्ये उघडणारा तोच — मीच उचलून ठेवलेला.

वन्संनी स्वतःच्या चिपपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. त्या पलीकडच्या खोलीत खोकी भरतायत. जायचंय सांगायला. पाय उचलत नाहीत.