बोहनीचा हात

बाबा, आज बोहनी पुण्याहून झाली. मी चहा गाळत होते, तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल बोलला की पैसे जमा झाले. एका बाईला नातीसाठी झबली-टोपडी हवी आहेत. तिला कालच सांगितलं होतं, आधी पैसे, मग पार्सल. माल दारात पोचल्यावर पैसे घ्यायची भानगड मी कधीच बंद केली. लोक दारातूनच पार्सल परत लावतात आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड आपल्या बोडक्यावर. पैसे भरल्याचा नुसता फोटो पाठवणारे महाभागही भेटतात. मी खातं उघडून बघते, रक्कम दिसली तरच माल बांधते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरगी पक्की निघाली. नाही, तुम्ही ते म्हणाला नसतात. म्हणून तर लिहायला बसले आहे.

धामणगाव बढ्याचं आपलं कापडाचं दुकान. मी जन्मले त्याच आठवड्यात तिथला माल जळाला आणि माझा हात वाईट ठरला. दुकान झाडायचं, ठाणं घडी करायची, उरल्यासुरल्या कापडाची झबली शिवायची, हे सगळं मला चालत होतं. पण दिवसाची पहिली विक्री होईपर्यंत गल्ल्याजवळ फिरकायचं नाही. त्या बाजाराच्या दिवशी तुम्ही मागे गठ्ठे सोडत होतात. एका शेतकऱ्यानं लुगडं पसंत केलं आणि नोटा सरळ माझ्या हातात ठेवल्या. मला कोण आनंद झाला! तुम्ही धावत येता, माझी मूठ उघडता, नोटा काढून त्या माणसाला परत देता. "तिच्या हाती नोका देऊ भाऊ, बोहनी हाय! पोट्ट्याच्या हाती द्या." धाकट्या भावानं नोटा घेतल्या आणि तुमच्यासारख्याच कपाळाला लावल्या. तो माणूस हसत म्हणाला, "काऊन हो शेठ, पोरीचा हात पोळते का?" तुम्ही म्हणालात, "हाव, पोळते." सगळं दुकान हसलं. मी कितीतरी वेळ तळहात फ्रॉकला पुसत राहिले.

तर ऐका. त्याच हातानं शिवलेलं झबलं आज नागपूर-नाशिकची माणसं आपल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सगळ्यात आधी घालतात, आणि तेही आगाऊ पैसे मोजून. तुमच्या चांगल्या हातानं मात्र दुकान उधारीत बुडवलं. आता तिथे मोबाइल दुरुस्त होतात, आणि धाकटा माझ्याकडे पगारावर पार्सलं बांधतो. कामावर आला त्या दिवशीच म्हणाला, "ताई, पैशासाठी गिऱ्हाइकाले माहाबी नंबर देऊ का? तुले तेवढंच सोपं जाईन." मी म्हटलं, "तू पार्सल बांध. पैशाले हात लावायचा नाही." हे वाक्य बोलताना जिवाला जो गारवा मिळाला, तो तुम्हाला कळवल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या आठवड्यात सकाळपासून नेटवर्क नव्हतं. गल्लीतल्या एक शिक्षिका रोख पैसे घेऊन दारात आल्या आणि धाकट्यानं ते घेतले. दिवसाची पहिलीच विक्री होती. मी आतून आले, त्याच्या हातातल्या नोटा काढल्या आणि बाईंना परत दिल्या. "माह्या हाती द्या, बाई. बोहनी हाय." त्या बिचाऱ्या गोंधळल्या, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि नोटा माझ्या हातात ठेवल्या. धाकटा पँटला तळहात पुसत उभा राहिला. म्हणजे त्यालाही सगळं आठवत होतं. मला वाईट वाटलं असेल असं समजू नका. इतकी वर्षं मी त्या क्षणाचीच वाट बघत होते, आणि त्याची गोडी अजून जिभेवर आहे.

हे पत्र कुठे टाकणार? चुलीतच जाईल. जाण्याआधी एवढं मात्र सांगते. त्या नोटा मी कपाळाला लावल्या. रोज सकाळी पहिले पैसे आले की मोबाइलही कपाळाला लावते, ओले हात न पुसताच, डोळे मिटून, अगदी तुम्ही नोटा लावायचात तसा. मला हे कुणी शिकवलं नाही. गल्ल्यापासून लांब उभी राहून बघत होते, तेवढंच. सोडून बघितलं, सुटत नाही. आणि डोळे मिटले की अजूनही वाटतं, कुणीतरी मागून धावत येईल आणि माझी मूठ उघडेल. म्हणून मी मोबाइल घट्ट धरून ठेवते.