माझे गुडघे पास झाले

चि. तुळसा हिस ठाकुर्लीहून अक्काचा आशीर्वाद.

माझ्या प्रभाकरने मला हाडांच्या दवाखान्यात नेलेलं. ऑपरेशन नाही, तुझी अक्का पास झाली. नाहीतर सहा महिने इथे चौथ्या मजल्यावर कोंडून घातली असती. आता लावणीच्या आधी घरी येते.

पण काय ती माणसं गं. नखं रंगवलेली एक पोरगी कागद घेऊन आली. "आजी, मोटारीतून उतरताना त्रास होतो?" म्हटलं, आधी माझ्या दारात मोटार आण, मग उतरून दाखवते. मग विचारते, व्यायाम किती करता. मी सांगितलं, विहिरीचं पाणी, शेणगोठा, लावणी. तर म्हणे, "ते काम झालं आजी, व्यायाम नाही," आणि लिहिलं शून्य. साठ वर्षांचं शून्य केलंन, आणि ही शिकलेली.

डॉक्टर तिच्याहून शहाणा. "खाली बसता येतं?" बसले की, विळीवर बसते तशी. तो खूश होऊन पाठ फिरवून लिहायला लागला. माणूस बसलं की उठतंही, हे त्याच्या पुस्तकात नसावं. तोवर मी टेबलाचा पाय धरून कशीबशी उठले. प्रभाकर फोनवर होता, त्यानेही पाहिलं नाही.

तुझी कंबर कशी आहे? गाय व्याली का?

एक काम कर. न्हाणीत बसायला उंचसं स्टूल करून घे. सुताराने विचारलं तर तुझ्यासाठी हवं म्हणून सांग.

तुझी,
अक्का