व्याह्यांच्या वहीतला मंत्र

ती. ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकल्यावर उठायला वेळ लागतो, तेवढा धरून चाल). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं घोरणं शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडलं का? आम्ही इकडे मजेत. मी अजून दुकानांच्या पाट्या रंगवतो, फक्त शिडीवर चढायला हिची बंदी आहे. खरं सांगायचं तर हल्ली मी जादूगार झालोय. घाबरू नकोस, रविवारी दुपारपुरताच.

त्याचं असं झालं, की सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर एक खेळ सुरू केला. त्यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, गोष्ट सूनबाई पुढे नेणार आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. ही तलवारवाली झाली (फार विचार करावा लागला नाही). मी जादूगार झालो, आणि सूनबाईंचे वडील, म्हणजे आपले व्याही, तेही हट्टाने जादूगारच झाले. लग्नापासून आम्ही दोघं एकमेकांना ‘बसा, बसा’ यापलीकडे काही बोललेलो नव्हतो. आता एकाच टेबलावर दोन जादूगार!

मला वाटलं होतं, जादूगार म्हणजे बोट फिरवलं की काम फत्ते. कसलं काय! देवभक्ताला मंत्र प्रार्थनेने मिळतात, काहींच्या ते रक्तातच असतात, जादूगाराला मात्र अभ्यास. एक पायरी चढलं की एक-दोन नवे मंत्र स्वतःच्या अकलेने सुचतात. बाकीचे मिळवायचे तर कुठे मंत्र लिहिलेली जुनी गुंडाळी सापडायला हवी, नाहीतर दुसऱ्या जादूगाराच्या वहीतून उतरवून घ्यायचे, तेही महागड्या शाईने, तासन् तास बसून. (शाळेत मी तुझ्या वहीतून उतरवायचो तेव्हा तू पाठीत धपाटा घालायचीस. इथे तोच रीतसर मार्ग आहे!)

खेळासाठी आम्ही दोघांनी खरोखरच वह्या घातल्या होत्या. माझ्या वहीत होतं काय? दिवा लावणे, भांडी लख्ख करणे आणि लांबची वस्तू उचलणारा एक अदृश्य हात. ही लगेच म्हणाली, ‘यातलं दुसरं घरी का जमत नाही?’ व्याह्यांकडे मात्र आगीचा गोळा, शिवाय उंचावरून पिसासारखं अलगद पडायचा मंत्र. तो मी गोडीगुलाबीने मागितला. आता त्यांचं सगळं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलेलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘चिठ्ठी आणलीय?’ मी चहा पाजून पाहिला, दुकानाची पाटी फुकट रंगवून देतो म्हटलं, पण गडी ढिम्म. सूनबाई सासरा आणि बाप यांच्यामध्ये बसून फासे खुळखुळवत राहिल्या. चिडल्यासारख्या वाटल्या, आणि मला जरा वाईट वाटलं.

गेल्या रविवारी व्याह्यांनी दिवसभराची जादू एका रिकाम्या गुहेवर आगीचे गोळे टाकण्यात उधळली. पुढे दरी, दरीवर दोरांचा पूल, आणि पूल नेमका त्यांच्याच पायाखाली तुटला. पिसाच्या मंत्रापुरतीही जादू शिल्लक नाही! हिने झेप घेऊन त्यांची कॉलर धरली. माझ्यात जादू होती, पण मंत्र त्यांच्या वहीत. ‘आधीच उतरवू दिला असता तर,’ असं मी म्हणणार, तेवढ्यात सूनबाईंनी शांतपणे सांगितलं, की बाबांच्या खांद्यावरची पिशवी सुटली आणि वही दरीत निघाली.

ताई, व्याही खुर्चीतून उभे राहिले आणि ओरडले, ‘मला सोडा हो, वही धरा!’ त्या ओरडण्यात इतका जीव होता, की मला पहिल्यांदाच हा माणूस आपला वाटला. मी अदृश्य हात सोडला, फासा टाकला आणि वही धरली! हिने व्याह्यांना वर ओढलं. दोन्ही एकदम वर आले.

सूनबाईंनी व्याह्यांची खरी वही माझ्या हाती दिली, ती मी त्यांना परत केली. (मोह झाला होता. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?) त्यांनी ती बराच वेळ धरून ठेवली आणि मग माझ्याकडे सरकवली. ‘उतरवून घ्या. एकच प्रत असणं बरं नाही. चिठ्ठी सवडीने आणा.’ सूनबाई हसल्या, ते हसणं तू पाहायला हवं होतंस.

आता रोज संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसतो. ते मंत्राची खुबी समजावतात, मी पाटीच्या ब्रशने वळणदार अक्षरात उतरवतो. मध्येच गिऱ्हाईक आलं की खोकल्याच्या औषधापाशी काम अडतं. छान चाललंय.

तुझा,
धाकटा

ता.क. तुम्ही दोघं महिनाभर राहायला याच. दाजींना जादूगार करू. नवा जादूगार स्वतःची भरलेली वही घेऊन येतो, आणि तिच्यात कोणते मंत्र असावेत ते मी ठरवून ठेवलंय. त्यांना एवढ्यात सांगू नकोस. व्याह्यांना तर मुळीच नको.

ता.क. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. भावजींना घरीच राहू द्या, तुम्ही एकट्या या आणि तलवार घ्या. दरीत पडणारे दोन आहेत, ओढणारी मी एकटीच.