संच अकरा, प्रश्न सतरावा

मी, भिकाजी लवू पालव, वय वर्षे ७६, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक, मूळ गाव कसाल, सध्या राहणार कुणकेश्वर, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हा लेख स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे हृदय कमजोर झाले आहे, बुद्धी नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचे दडपण माझ्यावर नाही. जे आहे ते माझे स्वतःचे, आणि त्याचा खुलासा कलम पाचमध्ये येईल. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. कसाल येथील वडिलोपार्जित घर व काजूच्या बागेतील माझा हिस्सा धाकटा बंधू गणपत यास द्यावा. वडिलांच्या तेराव्याला त्याने भरल्या पंगतीत, "साहेबांका खुर्ची घाला, ते खाली बसूचे नाय," असे म्हणून मला एकट्याला वेगळे बसवले होते. ते मी विसरलेलो नाही. मात्र बाग त्यानेच राखली, आणि मला तिथले एक झाड ओळखून दाखवा म्हटले तर जमणार नाही.

२. कुणकेश्वर येथील घर मी नोकरीत असताना बांधले. ते व बँकेतील ठेव मुलगा सिद्धेश यास. यातून पुढची खोली वगळली आहे. तिच्याविषयी कलम सहा पाहावे.

३. पत्नी कै. प्रेमलता हिचे शिलाई मशीन सून पूजा हिला. पुढच्या खोलीत माझी शिकवणी चाले तेव्हा प्रेमलता मागे मशीनवर बसलेली असे. एकदा ती मला म्हणाली, "तुमच्यासमोर कोणाक बोलाकच मेळणा नाय." मी हसण्यावारी नेले. तिला जाऊन नऊ वर्षे झाली.

४. माझे शब्दकोश, ज्या हायस्कुलात मी एकतीस वर्षे शिकवले, तिथल्या ग्रंथालयास. ते घेतील याची खात्री नाही. मागे दिलेली पुस्तके अजून जिन्याखाली आहेत.

५. निवृत्तीनंतर मी हायस्कुलात इंग्रजीचे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी सराव प्रश्नसंच तयार केले. एकूण बेचाळीस संच, प्रत्येकी शंभर प्रश्न, शेवटी उत्तरसूची. 'पालव सरांचे संच' म्हणून ते जिल्हाभर पोचले. मला त्याचा अभिमान होता.

संच अकरामधील सतरावा प्रश्न असा: इंग्रजीच्या तासाला विद्यार्थ्याने उत्तर घरच्या बोलीत दिले, तर शिक्षकाने काय करावे? पर्याय एक, दुर्लक्ष करावे. दोन, त्याला तिथेच थांबवून इंग्रजीत बोलण्याची सक्ती करावी. तीन, त्याचे म्हणणे स्वीकारून तेच इंग्रजीत मांडायला मदत करावी. चार, पालकांना कळवावे.

माझ्या उत्तरसूचीत 'दोन' आहे. तो छपाईचा दोष नाही. आठवीत असताना मी वर्गात 'कुठे' म्हणायच्या जागी "खंय" म्हणालो आणि गुरुजींनी मला दाराबाहेर उभे केले. त्यामुळेच आपण सुधारलो, असे मी आयुष्यभर धरून चाललो आणि माझ्या वर्गातली मुले बाहेर उभी करत राहिलो.

संचिता कोयंडे ही माझी विद्यार्थिनी. तिची आई सत्यवती आमच्या दारी मासे विकायला येत असे. संचिता बी.एड. झाली, गावाजवळच्या एका शाळेत तासिकेवर इंग्रजी शिकवू लागली, आणि कायम नेमणुकीसाठी तेरा वर्षे माझ्याकडे संच सोडवत राहिली. भरती कधी निघे, कधी रद्द होई, कधी न्यायालयात अडके. तिने बेचाळीस संच किती वेळा सोडवले याची गणती नाही.

या प्रश्नावर ती एकदाच अडली. "सर, माझा उत्तर तीन येता," ती म्हणाली. "पोराक सगळा समाजता, फक्त इंग्रजी येणा नाय. तेका थयंच गप केला तर तो परत तोंड उघडतलो काय?"

मी म्हणालो, "आधी तू मराठीत नीट बोल. मग मुलांचं बघू. उत्तर दोन. पाठ कर."

तिने 'तीन' खोडून 'दोन' केले. ते मी पाहिले.

दोन वर्षांमागच्या शिक्षकभरतीच्या परीक्षेत हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत आला. वयाच्या अटीत बसणारी तिची ती शेवटची परीक्षा होती. अधिकृत उत्तर 'तीन' निघाले. निवड यादी संचितापासून एका गुणावर थांबली, आणि तो गुण तिच्याकडे नव्हता.

निकालानंतर ती घरी आली. रडली नाही. "सर, माका तीनच घालूचा होता," एवढेच म्हणाली. "पण तुमचो आवाज कानात इलो आणि हात दोनार गेलो."

मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. चूक माझी आहे, उमेदवाराची नाही, असा अर्ज लिहून नेला. तिथल्या गृहस्थांनी तो शेवटपर्यंत वाचला, हे मी नमूद करतो. मग म्हणाले, "सर, तुमचं वय पाहून मला वाईट वाटतं. पण उमेदवाराने दिलेलं उत्तर उमेदवाराचंच असतं. यावर मी शेरा तरी काय मारू?" त्यांनी पोच दिली. ती कपाटात आहे. तिचा कोणालाही उपयोग नाही.

पुढे मी संच परत गोळा करायला निघालो. देवगडला जिथे त्यांच्या झेरॉक्स निघत, त्या दुकानातल्या चंदनने सगळा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "न्हेवा सर. पण आता ते मोबायलार फिरतत. तुमी खंय खंय म्हणान जातलात?" गेल्या महिन्यात कसालहून रिया नावाच्या मुलीचा फोन आला, संच पाठ झाले म्हणून आभार मानायला. मी तिला सतरावे उत्तर दुरुस्त करायला सांगितले. ती घुटमळली. "पण सर, तुमच्याच सूचीत तर दोन दिलंय," म्हणाली. तिने दुरुस्त केले की नाही, कळायला मार्ग नाही.

तरी लिहितो: माझ्या पश्चात हे संच कोणी छापू नयेत, वाटू नयेत, मूळ हस्तलिखिते जाळावीत. हे कलम पाळले जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

६. घराची पुढची खोली, तिला रस्त्याकडून स्वतंत्र दार आहे, फळा व बाकांसह कु. संचिता कोयंडे हिला पूर्ण मालकीने द्यावी. तिथे तिने शिकवणी घ्यावी, असा माझा विचार.

सिद्धेशला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, एका मार्कासाठी खोली? तिने स्वतःचं डोकं वापरायला हवं होतं."

मी म्हटले, "वापरलं होतं. मीच तिला थांबवलं." सिद्धेशने हे कलम मोडायला जाऊ नये, ही विनंती.

मागच्या सोमवारी मी हे सांगायला कोयंड्यांच्या घरी गेलो. संचिताने तासिका सोडल्या आहेत. पहाटे आईबरोबर बंदरावर लिलावाला जाते. अंगणात दोघी सुकी मासळी निवडत होत्या. मी खोलीचे सांगितले.

सत्यवती हातातले काम न थांबवता म्हणाली, "मेल्यार खोली देतलात. आज काय देतलात, ता सांगा."

"आये, गप," संचिता म्हणाली. तिने हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "सर, माका खोली नको. एकच विचारतंय. तेरा वर्सां तुमी माझे पेपर तपासलात. मी शिकवतंय कशी, बरी काय वायट, ता एकदा सांगा."

तिचे प्रत्येक संचातले गुण मला तोंडपाठ आहेत. कोणत्या शब्दयोगी अव्ययाशी ती चुकते, कुठे घाई करते, सगळे माहीत आहे. पण तिची शाळा माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती आणि मी तिच्या वर्गात एकदाही जाऊन बसलो नव्हतो. तिने दोनदा बोलावले होते. "सर, एकदा वर्गार येवा." मी सवड नाही म्हणालो होतो. मी तेव्हा निवृत्त होतो.

मी पाणी मागितले. तिने आणून दिले. ती वाट पाहत बसली, आणि मी पाणी पिऊन घरी आलो.

आता ती कुठल्याच वर्गावर नाही, त्यामुळे पाहून सांगणेही माझ्या हाती उरलेले नाही. तिने नको म्हटले असले तरी खोली तिच्याच नावे ठेवत आहे. घेणे न घेणे तिच्या मर्जीवर. कोणी तिला आग्रह करू नये, आणि माझी बाजू तिला समजावून सांगू नये.

वरील सहाही कलमे मी पुन्हा वाचली. ती माझीच आहेत. खालील दोघांसमक्ष मी सही केली आणि माझ्यासमक्ष त्यांनी केली.

ठिकाण: कुणकेश्वर
दिनांक: २ डिसेंबर २०२५

(सही) भिकाजी लवू पालव

साक्षीदार:
१. (सही) रविराज केळुसकर, शेजारी, कुणकेश्वर
२. (सही) सुगंधा धुरी, सेवानिवृत्त परिचारिका, देवगड