खुर्चीमागची भिंत

९ जून
खुर्चीमागच्या भिंतीवरचा आवाज शोषणारा फोम उतरवला. गेल्या वर्षी पुण्याच्या दुकानदाराने गळ्यात मारलेला. पाठीमागून काळी बुरशी. रत्नागिरीत पापड दुपारपर्यंत मऊ पडतो, तिथे फोमचं काय. मंजूने तो पायानेच अंगणात ढकलला. "हे तुमचं संगीत." निवृत्तीनंतर एवढा एकच छंद, बायको बोलणारच.
खोली परत उघडी पडली. टाळी वाजवली की खुर्चीमागच्या भिंतीवरून झण् करून परत येते. तबला ऐकताना बोटं मोजता येत नाहीत, नुसता गलका.

११ जून
दुपारी दुकानदाराचा फोन. आवाज शोषणारं नको, आता विखुरणारं घ्या म्हणे. डिफ्यूजर. लाकडी घेतले तर खोल-उथळ कप्पे, वजनदार, बोल्टने कायमचे. थर्माकोलचे ठोकळे खिळ्याला टांगायचे, हवे तेव्हा काढायचे. "काका, ऐकायचं असेल तर लाकडी."
ऐकायचंच आहे. सागाचे, वाळवीचं औषध मारून.
अडचण अशी की भिंत तीच. भाद्रपदात पाच दिवस तिथे गणपती बसतो. कप्पे चांगले वीतभर पुढे येणार, मखर मावणार नाही.

१२ जून
मंजू: "भोकं पाडायच्या आधी मोठ्या भावोजींना विचारा. गणपती तुमच्या एकट्याचा नाही."
घरही नाही. बाबांनी दोघांच्या नावावर केलं. दादा डोंबिवलीला, गणपतीपुरता येतो. मखर मात्र दरवर्षी तोच करतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही.

१४ जून
दादाला फोन केला. सगळं नीट सांगितलं. गणपती पडवीत बसवू, जागा ऐसपैस, तुलाच सोयीचं.
"बाबांनी ठरवलेली जागा आहे ती."
म्हटलं, देवाला भिंतीचं काय पडलंय.
"बरं. लाव तू."
इतक्या पटकन मानला म्हणजे मानलेला नाही. पण लाव म्हणाला. ऑर्डर देऊन टाकली.

१८ जून
दादाचा मेसेज. "यंदापासून गणपती इकडेच बसवतो. मोठा मी, रीतही तीच. तुला खोलीची अडचण नको." खाली जोडलेले हात.
दोघा भावांत गणपती एकच. तिकडे बसला की इथे नाही. मंजूने वाचलं, भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मिळाली भिंत."
मिळाली. दादाचा राग आलाय. एवढं कोणी मागितलं होतं?

२२ जून
खोकी आली. एक डिफ्यूजर काढून नुसता भिंतीला टेकवला, सारंगीची रेकॉर्ड लावली. खोटं कशाला लिहू, फरक आहे. वाद्य पहिल्यांदा एका जागी बसून वाजलं. बाकीची खोकी उघडली नाहीत. ड्रिलवाल्याला पुढच्या आठवड्यात ये म्हटलं, पाऊस आहे म्हणून. भिंत घरात आहे.

२७ जून
बाजारात नानू भेटले. गणपतीची शाळा त्यांची. आमची मूर्ती त्यांच्या वडलांपासून तिथेच होते.
"तुमचा पाट नाय आला अजून. जागा धरून ठेवलीय मी."
सांगतो म्हटलं. काय सांगतो, कप्पाळ. पाट देवघरावरच्या फळीवर आहे. मूर्ती त्याच पाटावर घडते, त्याच पाटावरून घरी येते. दादाने तो मागितलेला नाही. डोंबिवलीत नवा करणार असेल.

३० जून
थर्माकोलचे घेतले असते तर पाच दिवस काढून ठेवता आले असते. मंजूला म्हटलं तसं.
"फळ्यांवरून नाही हो रागावले ते. तुम्ही विचारलं नाहीत, कळवलंत."
त्या रात्री सारंगी लावली नाही.

३ जुलै
पाट खाली काढला, पुसला, शाळेत नेऊन दिला. तेही कोणाला न विचारता. नानूंनी खडूने मागे आमचं नाव घातलं. "मोठे येतायत ना?" येतील म्हटलं. दोन दिवसांत माती चढेल. माती चढली की पाट कोणी रिकामा परत मागत नाही.
घरी येऊन दादाला फोन. वहिनीने घेतला. पाट दिला, जागा तीच ठेवतोय, तुम्ही सगळे या, असं एका दमात सांगितलं. मग अगदी फोनजवळ खोकला. दादाचा खोकला मी शंभरात ओळखीन.
"ते आंघोळीला गेलेत," वहिनी म्हणाली. "सांगते हो."
म्हटलं, होऊ दे सावकाश. मग बराच वेळ मी फोन ठेवला नाही. तिकडूनही कोणी ठेवला नाही.