पंचविसावा अभिप्राय

बारामती
४ ऑगस्ट १९९६

ती. स्व. तात्यांस,
सूरजचा शि. सा. न. वि. वि.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्या धुवून संध्याकाळी मी काय उद्योग करतो, असं तुम्ही दिवाळीत सगळ्यांदेखत विचारलं होतं. त्याचं उत्तर सोबतच्या पाकिटात आहे. माझी पहिली कॅसेट निघाली! नाव 'क्षितिजापल्याड'. नाव कंपनीने दिलंय, तेव्हा त्यावरून मला बोलू नये.

तिच्यात एकही शब्द नाही, नुसती वाद्यं आहेत आणि तीही जगभरची. आफ्रिकेतला ढोल, जपानी तारांचं वाद्य, ऑस्ट्रेलियातला पुरुषभर लांबीचा लाकडी भोंगा, शिवाय सिंथेसायझर. आणि पहिल्याच तुकड्यात आपला पावा. तो मी वाजवलाय. धून आबांची, मेंढ्या उठवताना ते वाजवायचे तीच. सहाव्या वर्षी तुम्ही मला शाळेसाठी तुमच्याकडे ठेवून घेतलंत, तोवर रोज पहाटे ती ऐकली होती. अजून पाठ आहे.

सोबत अभिप्रायाचे पंचवीस कागद आहेत. दुसरी कॅसेट काढायची की नाही, ते कंपनी श्रोत्यांच्या मतांवर ठरवणार आहे. पुण्यातली मतं आली, गावाकडची मी आणायची आहेत. तुम्ही निवृत्त मास्तर, त्यामुळे लोक तुमच्यापुढे गुपचूप बसतील, म्हणून हे काम तुमच्यावर टाकतोय.

यातले चोवीस कागद कंपनीसाठी. पंचविसावा माझ्यासाठी, आणि तो आबांचा हवा. गेल्या दिवाळीत आढ्याला टांगलेला त्यांचा पावा मी न विचारता आणला. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. त्यानंतर पाऊसपाणी सोडून ते माझ्याशी काही बोललेले नाहीत. कंपनी नको म्हणाली तर मी बाटल्या धुवीन, त्याचं काही नाही. पण आबा काहीच बोलले नाहीत, तर मला पुन्हा पावा तोंडाला लावता यायचा नाही.

आईला नमस्कार सांगा. तुमचा माझ्यावरचा लोभ कॅसेट ऐकल्यावरही टिकावा, एवढीच विनंती.

तुमचा,
सूरज


पळसदेव
११ ऑगस्ट १९९६

चि. सूरज यास,
मानसिंगचे अ. उ. आ.

कॅसेट पोचली. एसटीच्या कंडक्टरने पाकीट चहाच्या टपरीवर ठेवलं, टपरीवाल्याने ते फोडून आधी स्वतः ऐकलं आणि मग माझ्याकडे पाठवलं. त्यामुळे पहिला अभिप्राय त्याचा. तो म्हणतो, गिऱ्हाईक उठतच नाही, एका चहावर अर्धा तास बसतं, तेव्हा ही कॅसेट टपरीला घातक आहे.

तुझ्या कंपनीने हे प्रश्न कोणाकडून काढून घेतले रे? 'ऐकताना आपल्या मनात कोणता रंग आला?' चाळीस वर्षं मी पेपर काढले, पण असा प्रश्न घालायची माझी छाती झाली नव्हती. डेअरीचा सेक्रेटरी जोतीराम याने बराच विचार करून लिहिलंय की पाणी घातलेल्या दुधाला येतो तो निळसर रंग आला. पुढचा प्रश्न, 'आपण कुठे गेल्यासारखे वाटले?' त्याचं उत्तर, दौंडला, कारण बारामतीची गाडी दौंडच्या अलीकडे उगाच थांबते आणि आत बसलेल्याला का थांबली ते कळत नाही, तसं वाटलं.

हिंदुराव बागायतदारांनी पूर्ण पहिली बाजू ऐकली. उसाला पाणी सोडून आले होते, मोकळेच होते. शेवटी त्यांनी विचारलं की वाजवणारे तर सगळे जमलेत, मग गाणारा कधी यायचा? गाणारा नाहीच म्हटल्यावर त्यांना तुझं वाईट वाटलं. पैसे कमी पडले असतील तर आधी सांगायचं होतं, असं म्हणत होते.

तो ऑस्ट्रेलियातला भोंगा वाजायला लागला तेव्हा तुझी आई साखरबाई गोठ्याकडे पळाली. म्हैस माजावर आली असं तिला वाटलं. म्हैस गपगार बसली होती, पण तिनेही मान वर केली होती, म्हणजे तिचा अभिप्राय अनुकूल धरायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र तुझी आई भिंतीला टेकून जी झोपली ती भाकरी करपल्यावर उठली. गुडघे दुखायला लागल्यापासून अशी झोप लागली नव्हती म्हणते. रोज लावा म्हणून मागे लागली आहे.

आता दादाचं, म्हणजे तुझ्या आबांचं. तुझा बाप कॅसेट लागली की उठून अंगणात जातो आणि आमच्याकडे पाठ करून दावं वळत बसतो. आठ दिवसांत इतकी दावी वळली की तेवढी गुरं साऱ्या आळीत नाहीत. मी कागद पुढे केला, तर चष्मा सापडत नाही म्हणाला. चष्मा नाकावर होता.

दादाने आपला कळप गेणबाला देऊन टाकला, त्याला आठ वर्षं झाली. पाण्याची पाइपलाइन आली, आपण ऊस लावला, सगळं चांगलं झालं, पण त्या दिवसापासून त्याने पाव्याला हात लावला नव्हता. न वाजवलेला पावासुद्धा गेला की माणसाला लागतो. तू विचारायला हवं होतंस, हे मी तुला मास्तर म्हणून सांगतो. चुलता म्हणून सांगायचं तर चोरलास ते बरं केलंस.

कळावे. लोभ टिकला आहे, कानांची खात्री देत नाही.

तुझा,
मानसिंग तात्या


बारामती
१५ ऑगस्ट १९९६

ती. स्व. तात्यांस,
सूरजचा शि. सा. न. वि. वि.

झेंडावंदनाहून आलो आणि आधी लिहायला बसलो. तुमचं पत्र प्रयोगशाळेत वाचलं आणि हसता हसता एक चंचुपात्र फोडलं.

पुण्यातल्या एका बाईंनी लिहिलंय की त्यांना हिमालयातली पहाट दिसली. एका डॉक्टरांनी आपण ढगांवर तरंगल्याचं कळवलंय. आमच्या गावाला दौंड दिसलं आणि म्हैस दिसली. मी दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वाचले. खरं सांगू का, मला हिमालयापेक्षा दौंड पटलं. मधेच थांबल्यासारखं मलाही वाटतं, का ते कळत नाही.

तुमचा टेपरेकॉर्डर जुना आहे, त्यातून पाव्याचा आवाज नीट निघत नसणार. कुठेतरी मोठ्या आवाजात लावता आली तर बघा. आबा घरात पाठ फिरवून बसतात, पण गावभर वाजलं तर कुठे पाठ फिरवतील?

पाव्याबद्दल माझं चुकलं. पण माफी मागायला आलो तर ते पाऊसपाणी विचारतील आणि मी पाऊसपाणी सांगून परत येईन, याची मला भीती वाटते.

माया आहे तशी राहू द्या, टेपरेकॉर्डर मात्र बदला.

तुमचा,
सूरज


पळसदेव
२१ ऑगस्ट १९९६

चि. सूरज यास,
मानसिंगचे अ. उ. आ.

मोठ्या आवाजात लावा म्हणालास, लावली. आता काय झालं ते बसून वाच.

डेअरीवर कर्णा आहे हे तुला माहीत आहे. संध्याकाळी दूध घालायला सगळा गाव किटल्या घेऊन रांगेत उभा असतो, रांग सोडून कोणी जात नाही, म्हणजे इतके श्रोते फुकट दुसरीकडे मिळणार नाहीत. दादाही किटली घेऊन रांगेत होता. मी जोतीरामला पटवलं आणि काल सहा वाजता तुझी कॅसेट कर्ण्यावर चढवली.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. गेणबाचा कळप परवापासून हिंदुरावांच्या ज्वारीच्या रानात बसायला आणला होता. पेरणीआधी तीन रात्री मेंढ्या बसवायच्या, रानाला लेंडीखत मिळावं, असं ठरलं होतं. गेणबा रेशनकार्डाच्या कामाला इंदापूरला तहसीलमध्ये गेलेला. रानात त्याची बायको ठमाबाई एकटी, मेंढरांभोवती जाळी अजून लावायची होती. मेंढ्या नुकत्या टेकल्या होत्या.

आणि कर्ण्यावर तुझा पावा वाजला.

ठमाबाई सांगते की आधी म्हाताऱ्या मेंढ्या उठल्या, मग त्यांच्यामागे सगळ्या. दादाचीच मेंढरं ती आणि त्यांची पिलावळ. गेणबाही हीच धून वाजवतो. त्यांना काय कळणार पुण्याचा स्टुडिओ? उठा म्हटलं, उठल्या. बरं, तुझ्या त्या सिंथेसायझरवाल्याने ती ओळ एकामागून एक किती वेळा चिकटवली आहे, मोजलीस का? अकरा वेळा! एकदा उठलेल्या मेंढीला आणखी दहा वेळा उठ म्हटल्यावर तिने करावं काय? ती हिंदुरावांच्या उसातून सरळ आवाजाच्या दिशेने निघाली. दीडशे मेंढरं डेअरीच्या अंगणात घुसली. रांग मोडली, किटल्या कलंडल्या, जोतीराम फॅट काढायच्या टेबलावर चढला आणि तिथून त्याने टेप बंद केला.

टेप बंद झाला तरी मेंढ्या काही बसेनात. माना वर करून उभ्याच. मग पुढच्या चार हायवेकडे वळल्या आणि सोलापूरकडून ट्रकची रांगच येत होती. ठमाबाई ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. सूरज, हसण्यावारी नेलेलं सगळं एका क्षणात गेणबाच्या घरादारावर येणार होतं.

तेव्हा दादाने किटली खाली ठेवली. घाई नाही, काही नाही. मेंढरांतून वाट काढत टेबलापाशी गेला, जोतीरामच्या हातातला माइक घेतला आणि ओठांनी शीळ घातली. पाच-सहा सुरांची, खाली खाली उतरत जाणारी. कर्ण्यातून ती रानभर गेली. दुसऱ्यांदा घातली तेव्हा डांबराच्या कडेला पोचलेल्या मेंढ्या थांबल्या. तिसऱ्यांदा घातली आणि दीडशे मेंढरं होती तिथे, डेअरीच्या अंगणात, टपरीच्या बाकाखाली, एकेक करून खाली बसली. मी आठ वर्षांनी माझ्या भावाचा सूर ऐकला आणि रडलो. धुळीचं निमित्त सांगितलं, पण कोणी विचारलंच नव्हतं.

दादाने माइक पुसून परत दिला, किटली उचलली, आणि पहिला नंबर आपलाच होता असं सांगून दूध घालून घरी गेला. पंचविसावा कागद अजून कोराच आहे.

चोवीस अभिप्राय सोबत आहेत. हिंदुरावांचा नीट वाच. त्यांचं म्हणणं, वाद्य चांगलं आहे, पण त्यांच्या रानासाठी ठरलेलं तीन रात्रींचं खत एका संध्याकाळी डेअरीच्या अंगणात पडलं, ते कंपनीने पाट्या भरून उचलून द्यावं. ऊस तुडवला त्याचं ते काही बोलले नाहीत, शीळ ऐकताना त्यांनीही टोपी काढली होती.

कळावे. तुझ्यावरचा लोभ वाढला आहे, पण कॅसेट मी कुलपात ठेवली आहे.

तुझा,
मानसिंग तात्या


बारामती
२४ ऑगस्ट १९९६

ती. स्व. तात्यांस,
सूरजचा शि. सा. न. वि. वि.

गेणबाकाका आणि ठमाकाकूंची माझ्या वतीने माफी मागा. हिंदुरावांकडे मी स्वतः पाटी घेऊन येईन.

चोवीस कागद मी अजून पुण्याला धाडले नाहीत. माझ्या वाजवण्यामुळे मेंढरं ट्रकखाली जाणार होती, हे डोक्यातून जात नाही. पावा कापडात गुंडाळून ठेवलाय. आबांना एवढंच विचारा, तो परत आणून आढ्याला टांगू का? हो म्हणाले तर तोच त्यांचा अभिप्राय समजेन.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.

तुमचा,
सूरज


पळसदेव
२७ ऑगस्ट १९९६

चिरंजीव सूरज यास दादासोचा आशीर्वाद.

मी सांगतोय आन मानसिंग मास्तर लिवतोय. जसं बोललो तसंच लिव म्हणून सांगितलंय. (लिहितो आहे. त्याने काठी जवळ घेतली आहे. - मानसिंग)

तुजी क्यासेट म्या ऐकली. पाठ फिरवली म्हून कान बंद हुत न्हाईत. घरात वाजली तेवढ्या समद्या येळा ऐकली. त्यो लांब भोंगा काडून टाक. जपानची तार ऱ्हाऊ दे, ती ग्वाड हाय. ढोलवाला बरा हाय पर त्येला घरी जायची घाई हाय.

पावा तू नेलास त्ये म्या बघितलं हुतं. जागाच हुतो. धर म्हणून हातात द्याया पायजे हुता, त्ये माज्याच्यानं झालं न्हाय. मेंढरं दिली तवा जीव लई तुटला रं, कुणापाशी बोललो न्हाय. मंग तुज्याशी बी बोलाया जमंना. तुजी चोरी न्हाय ती. (इथे त्याने काठी बाजूला ठेवली. - मानसिंग)

आता अभिप्राय. तू उठवतोस चांगलं. पार माज्यावानी उठवतोस, ठमी म्हणली तिला वाटलं मीच वाजवतोय. पर उठवतोस, उठवतोस आन तसंच सोडून देतोस. उठीवल्यालं जनावर बसवायचं बी असतंय. त्ये बिचारं हुबंच ऱ्हातंय मंग, मेंढी काय आन माणूस काय. तुला पुरं का वाटत न्हाय, त्येचं कारण ह्ये हाय.

बसवायचा सूर तुला ठावं न्हाय, त्यात तुजा दोष न्हाय. सांजच्याला मी त्यो वाजवायला लागलो की मेंढरांच्या आदी तू झोपायचास. माज्या मांडीवर. सा वर्सांत येकदा बी शेवटपातूर ऐकला न्हाईस.

कागद त्या पुण्यावाल्यांस्नी खुशाल धाड. पावा आढ्याला टांगायचा न्हाय. रविवारी घिऊन ये. खताची भरपाई म्हून गेणबाचा कळप हिंदुरावाच्या रानात रविवारच्या रातीपातूर हाय, तितंच बसू.

लोभ हाय, त्येची इनंती कराया लागत न्हाय. फकस्त या बारीला जागा ऱ्हा.

दादासो